मिंट रोडचे सोने आणि डॉलरचे राज्य

१९९१ सालच्या जुलै महिन्यात फोर्टमधील रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतून सुमारे ४७ टन सोने सहार विमानतळामार्गे लंडनला, बँक ऑफ इंग्लंडकडे, रवाना झाले. ते तारण ठेवून देशाने सुमारे ४० कोटी डॉलरचे कर्ज उचलले. सोने नेणारी एक गाडी वाटेतच बंद पडली आणि बंदोबस्तावरील मंडळींची गाळण उडाली. घरातले दागिने पदराआड लपवून सावकाराकडे जाणारी माउली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य अपरिचित वाटू नये.

ही पाळी का आली? १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले. तेल महागले आणि आखातातून येणारा पैसा आटला. परकीय चलनाची गंगाजळी तर जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. रुपये छापणे आपल्या हाती होते, डॉलर छापणे नव्हते. वास्तविक १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. तेव्हापासून अमेरिकेच्या कागदाला सोन्याचा आधार नाही. आपल्याला मात्र तोच कागद मिळवण्यासाठी सोने गहाण टाकावे लागले.

तरीही या व्यवस्थेला सरसकट दोष देणे अन्यायाचे ठरेल. धोबीतलावच्या कुडांतून जहाजावर गेलेल्या खलाशांना विचारा. कोणत्याही बंदरात चालणारे एक चलन असल्यामुळेच त्यांची कमाई घरी पोहोचली आणि मुलांची शिक्षणे झाली. १ व ३ जुलै १९९१ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि सुमारे २१ रुपयांचा डॉलर २६ च्या घरात गेला. हजार डॉलर पाठवणाऱ्याच्या घरी पाच हजार रुपये जास्त आले. परंतु मिस्साला त्याच बाकावर बसणाऱ्या परळच्या गिरणी कामगाराचा पगार रुपयांतच होता. आयात माल महागला, त्याची झळ त्याला बसली. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली, तेव्हाही परदेशी शिकणाऱ्या लेकीची फी भरणाऱ्यांचे हिशेब असेच कोलमडले.

ऑक्टोबर २०११ मध्ये व्हॅटिकनच्या न्याय व शांती परिषदेने जागतिक वित्तव्यवस्थेच्या फेररचनेची मागणी केली, ती याच विषमतेवर बोट ठेवणारी होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात. एकट्या अमेरिकेपाशी १६ टक्क्यांहून अधिक मते आहेत. भारताकडे तीनहून कमी. तिथे न्याय मागणे रास्तच आहे. डॉलर उद्याच हद्दपार करू, ही गर्जना मात्र आम्हाला पोकळ वाटते. दुकानदार घेणार नाही असे चलन खलाशी पगारात कशाला स्वीकारील?

२०२२ मध्ये रशियाची परदेशांतील सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली आणि अनेक देश सावध झाले. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ब्रिटनमधून १०० टनांहून अधिक सोने मायदेशी आणले. मार्च २०२५ अखेरीस बँकेच्या सुमारे ८८० टनांपैकी ५१२ टन भारतात होते. उरलेल्यापैकी बहुतांश अद्याप परक्या तिजोऱ्यांतच होते.