माप रेक्झिनसकट

गेल्या महिन्यात माझ्या बाकावर एकाच दिवशी दोन गिटार अ‍ॅम्प आले. दोन्ही पेट्या नव्या, दोघांचेही मालक वैतागलेले. एका पेटीचे रेक्झिन खालच्या कोपऱ्यांवर पापडासारखे उठले होते. दुसरीची मागची फळी ठोकल्याशिवाय जागेवर जात नव्हती, आणि ठोकली की कडेचे रेक्झिन गोळा होत होते. पेटी बनवणाऱ्यांनी दोघांनाही कारण एकच सांगितले होते: माल खराब निघाला.

रेक्झिनला तोंड नाही म्हणून हे खपते. माल मी हातात घेऊन पाहिला, चांगला होता. चूक त्याच्या आधीची होती, आणि ती आपल्यातले बहुतेक जण करतात. पेटी सुताराकडून येते, सर्किट आपण रात्र जागून पुरे करतो आणि मढवण्याचे काम डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी सीट-कव्हरवाल्याच्या गळ्यात घालतो. मढवणे म्हणजे शेवटी अंगावर चढवायचा सदरा, अशी आपली समजूत आहे. माझे म्हणणे उलटे आहे. कोणते रेक्झिन लावायचे हे लाकडाला करवत लागायच्या आधी ठरले पाहिजे.

गिऱ्हाईक आजकाल ‘ओरिजिनल टोलेक्स’च हवे म्हणून अडून बसते, म्हणून आधी नावांचा घोळ मिटवू. टोलेक्स हे अमेरिकेतल्या जनरल टायर अँड रबर कंपनीचे व्यापारी नाव. रेक्झिन हेही मुळात एका ब्रिटिश कंपनीचे नाव, आणि तिचा माल व्हिनाइलचा नव्हताच. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा थर असे. म्हणजे आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते रेक्झिन नाही, आणि गिऱ्हाईक ज्याला टोलेक्स म्हणते ते बहुधा टोलेक्स नसते. दोन्ही ठिकाणी असते ते कापडाच्या अस्तरावरचे पीव्हीसी. लिओ फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात आधी सुती ट्विल वापरत, बॅगांवर असायचे तसले; त्यालाच आज सगळे ट्वीड म्हणतात. ते मळते, कडांना उसवते. १९६० च्या आसपास तिथे तपकिरी व्हिनाइल आले, पाठोपाठ फिकट रंगाचे आणि १९६३ पासून काळे. लंडनच्या हॅनवेलमध्ये १९६२ साली जिम मार्शलच्या दुकानात फेंडर बेसमनच्या सर्किटवरून अ‍ॅम्प बनू लागले. मार्शलच्या काळ्या पेट्यांवरच्या दाण्याला ‘लेव्हंट’ म्हणतात, ते पुस्तकबांधणीतल्या चामड्याचे नाव. दाणा कोणता हवा हा हौसेचा भाग झाला. आपण पाहायचे ते अस्तर.

दुकानात तुकडा हातात घेऊन आडवा ताणा. सीटसाठीच्या बऱ्याच रेक्झिनला होजिअरीचे विणलेले अस्तर असते, शिवाय मध्ये फोमचा पातळ थर. ते रबरासारखे ताणले जाते. रिक्षाच्या गादीवर हा गुण आहे, पेटीवर अवगुण. ताणून बसवलेले व्हिनाइल महिन्याभराने आपल्या मूळ मापाकडे परत निघते आणि सांधा उघडा पडतो. आपल्याला हवे ते ताग्यातल्या साध्या कापडासारखे अस्तर, जे ताणले जात नाही. अस्तराशिवायचे नुसते व्हिनाइल तर घेऊच नका. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात जे प्लॅस्टिसायझर घालतात ते हळूहळू गोंदात उतरते आणि गोंद लिबलिबीत होतो. पन्हा बहुधा ५४ इंच मिळतो. बारा इंची चार स्पीकरांच्या पेटीचा चारी बाजूंचा घेर सुमारे १२० इंच, म्हणजे तीन मीटरच्या किंचित वर. पट्टी सलग काढायची आणि जोड तळाला द्यायचा.

आता मापाचे. माझी पहिली पेटी मी एका नावाजलेल्या कॉम्बोची मापे मिलिमीटरपर्यंत उतरवून बनवली. अठरा मिलिमीटरचा बर्च प्लाय, बोटांसारखे गुंतवलेले सांधे, मागची फळी अशी बसलेली की हवा जाणार नाही. मग मढवले. रेक्झिन एक मिलिमीटरचे. ते दोन्ही बाजूंच्या फळ्यांवरून आत वळवले, तोंड दोन मिलिमीटरने अरुंद झाले. मागच्या फळीच्याही दोन कडा मढल्या, ती दोन मिलिमीटरने रुंद झाली. चार मिलिमीटरची मारामारी, आणि कोपऱ्यांवर जिथे दोन घड्या एकावर एक येतात तिथे आणखी. मी रंधा काढला आणि मढवलेल्या फळीचे रेक्झिन सोलून ती तासली. त्या दिवसापासून सुताराला माप देताना रेक्झिनचा तुकडा आणि जाळीच्या कापडाचा तुकडा, दोन्ही सोबत देतो. बॅफल जिथे सरकते तिथे तो ते मध्ये धरून पाहतो.

कडांच्या गोलाईचेही तसेच. धारदार कडेवर व्हिनाइल तणावात राहते आणि पहिल्या टेम्पोप्रवासातच तिथे पांढरे पडते. अर्ध्या इंचाच्या बिटाने राउटर फिरवला की ते सुखाने वळते. प्लायच्या कडेतल्या पोकळ्या लांबी भरून पॉलिश पेपरने घासा. लाकडावरचा खडबडीतपणा रेक्झिन झाकत नाही, उजेडात धरले की सगळा हिशेब सांगते. टी-नट आधी ठोका, हँडलची भोके आधी पाडा.

आणि एक गोष्ट, जी सीट-कव्हरवाल्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही. फेंडरच्या धर्तीच्या पेटीत वरच्या फळीच्या आतून, चॅसीच्या डोक्यावर, जाळी किंवा फॉइल असते. चॅसीची कड तिला टेकते तेव्हाच ती पडद्याचे काम करते. आत वळवलेले रेक्झिन दोघांच्या मध्ये आले की स्पर्श तुटतो, आणि मग आपण फिल्टर कपॅसिटर बदलत बसतो. हम मात्र जागच्या जागी.

गोंदाबद्दल पावसाळ्यात बोलणे भाग आहे. आपण सगळे फेव्हिकॉलचा एसआर किंवा तसलाच रबरी गोंद वापरतो. दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाच्या मागच्या बाजूला चिकटेनासा झाला की मगच जोडायचे, हे सनमायका बसवणाऱ्या पोरालाही माहीत असते. पण गोंदातले द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, आणि मुंबई-कोकण-गोव्याच्या जुलैतल्या हवेत त्या थंड थरावर पाणी धरते. बर्फाच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो तसे. गोंद दुधट दिसू लागतो. तो सुकल्यासारखा वाटतो, जोडही लागतो, आणि दिवाळीपर्यंत कोपरे उठतात. माझ्या बाकावरच्या पहिल्या पेटीचे हेच झाले होते. सोललेल्या अस्तरावर गोंदाचा पांढुरका थर तसाच होता. पावसाळ्यात हे काम दुपारी करा, जमल्यास एसीच्या खोलीत. थर दुधट दिसला तर थांबा, तो पुरता सुकू द्या आणि वरून पातळ हात पुन्हा द्या. हीट गन मात्र द्रावकाचा वास पूर्ण गेल्यावरच हातात घ्या. त्या वाफा पेट घेतात, आणि बंद खोलीत रोज हुंगल्या तर मज्जातंतूंना भोवतात. खिडकी आणि पंखा यांची कटकट ज्यांना वाटते त्यांनी दुसरा धंदा बघावा.

सरस वापरणारे काही जुने हात अजून आहेत. रेक्झिन सरकवून बसवता येते, सांडलेला सरस कोमट पाण्याने पुसता येतो, हे खरे. पण किनारपट्टीच्या दमट हवेत मी तो वापरणार नाही. देशावर ज्याला जमतो त्याने खुशाल वापरावा.

कोपरा मात्र कोणत्याही गोंदाने सारखाच अवघड. घाई करणारे तिथे दोन चिरा देऊन वर पत्र्याचा कोपरा ठोकतात. दोन्ही बाजूंचे पदर एकमेकांवर येऊ द्या, नवे पाते लावा, आणि पंचेचाळीस अंशांत दोन्ही पदरांतून एकच काप घ्या, लाकडाला टेकेल इतकाच. वरची चिरोटी काढा, पदर किंचित उचलून खालची काढा. उरलेल्या दोन कडा एकाच कापाच्या असल्याने केसभर फट राहत नाही. पाते प्रत्येक कोपऱ्याला नवे घ्या. बोथट पाते व्हिनाइल कापते आणि अस्तर ओढते. मग पत्र्याचा कोपरा लावा किंवा लावू नका.

जुन्या अ‍ॅम्पचा प्रश्न वेगळा. एखाद्याच्या वडिलांचा साठच्या दशकातला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प दुरुस्तीला येतो, रेक्झिन दोन ठिकाणी फाटलेले, सिगारेटचे डाग पडलेले, आणि मुलगा म्हणतो, नवे लावून टाका. लावून टाकू नका. मूळ आवरण एकदा सोलले की ते परत येत नाही, आणि त्याबरोबर अ‍ॅम्पची किंमतही उतरते. सुटलेली कड परत चिकटवा, ओल्या फडक्याने पुसा, गिऱ्हाइकाला हे समजावून सांगा. त्यात एका मढवणीचे पैसे जातात हे मला कळते. मीही ते अनेकदा सोडले आहेत, दर वेळी आनंदाने नव्हे.

पुढच्या ऑर्डरला एवढेच करून पाहा: कोटेशनमध्ये मढवण्याची मजुरी पेटीपासून वेगळी लिहा, त्यासाठी दोन पूर्ण दिवस धरा, आणि सुताराच्या हातात मापाच्या कागदाबरोबर रेक्झिनचा वीतभर तुकडा द्या.