हळद हिंगोलीची, नाव कोणाचे?

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीच्या ढिगाभोवती व्यापाऱ्यांचा घोळका जमतो, बोली लागते आणि काही मिनिटांत सौदा तुटतो. आठ-नऊ महिने जमिनीत पोसलेला, नंतर काढलेला, शिजवलेला, वाळवलेला आणि पॉलिश केलेला माल पोत्यांत भरून ट्रकवर चढतो. शेतकरी हिशेबाची पट्टी खिशात घालून बाजारातली खरेदी उरकतो आणि गावाकडे परततो. हिंगोलीचे नाव बहुधा त्या यार्डातच मागे राहते. पुढे ती केवळ ‘हळद’ असते.

हे नाव हरवणे किती महागात पडते, हे पाहायचे असेल तर टोकियोत खरेदी आणि खाण्यात एक दिवस घालवावा. येनची घसरण झाल्यापासून जपान परदेशी पाहुण्यांनी फुलून गेला आहे. २०२४ मध्ये तेथे सुमारे ३ कोटी ६९ लाख पर्यटक आले. त्यांत भारतीय सुमारे २ लाख ३३ हजार होते. या पाहुण्यांच्या फेरफटक्यात मंदिरांइतकेच महत्त्व आता बाजारपेठांना आले आहे.

सकाळ त्सुकिजीच्या गल्ल्यांत जाते. मासळीचा मुख्य घाऊक बाजार २०१८ मध्ये तोयोसूला हलला. बाहेरची किरकोळ दुकाने व खाणावळी मात्र तेथेच आहेत. दुपारी भूक लागली की ‘करी-राइस’ समोर येतो. भारतीय मसाला इंग्रजांच्या हातून मेइजी काळात जपानला पोहोचला. १९२३ साली स्थापन झालेल्या ‘एस अँड बी’ने देशी करी पावडरचा धंदा उभा केला. भारतातून निसटून जपानच्या आश्रयाला गेलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्या प्रेरणेने शिंजुकूच्या ‘नाकामुराया’ने १९२७ मध्ये भारतीय पद्धतीची करी विकायला सुरुवात केली. पुढे १९६८ मध्ये गरम पाण्यात पाकीट बुडवून खाण्याची ‘बोन करी’ आली. आज करी हे जपानी घरातले रोजचे अन्न आहे. इतकेच नव्हे, तर ‘कोको इचिबान्या’ या तिथल्या साखळीने २०२० मध्ये गुरुग्राममध्ये दुकान उघडून जपानी करी आपल्यालाच विकायला आणली!

या करीचा पिवळा रंग हळदीचा. तीच हळद संध्याकाळी पुन्हा भेटते, ती नाक्यावरच्या छोट्या दुकानात. ‘हाउस फूड्स’ने २००४ मध्ये बाजारात आणलेले ‘उकोन नो चिकारा’, म्हणजे ‘हळदीची शक्ती’, हे पेय कचेरीतील मंडळी मद्यपानाच्या बैठकीपूर्वी घेतात. त्याचा खरा गुण किती, हा वेगळा प्रश्न. पण शंभर मिलिलिटरच्या बाटलीला दोनशे येनच्या आसपास, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये, ग्राहक खुशीने मोजतो.

आता आपला हिशेब पाहू. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये भारताने १ लाख ५३ हजार टन हळद व हळदीचे पदार्थ निर्यात केले आणि त्यातून मिळाले २० कोटी ७४ लाख डॉलर. भागाकार केला तर किलोला सुमारे १.३५ डॉलर, तेव्हाच्या दराने १०८ रुपयांच्या आसपास. जगातील तीन चतुर्थांश हळद पिकवणाऱ्या देशाला एका किलोचे जे मिळते, तेवढ्यात टोकियोत एक इवलीशी बाटली येते. बाटलीच्या किमतीत कारखाना, जाहिरात, दुकानाचे भाडे हे सारे आहे, हे मान्य. पण ही सारी कामे कोठे होतात आणि त्यांचा मोबदला कोणाला मिळतो, हाच तर प्रश्न आहे.

टोकियोतील खरेदीचा आणखी एक प्रकार हिंगोलीने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. जपानमधील अनेक प्रांत राजधानीत आपापली ‘अँटेना शॉप’ चालवतात. युराकुचो येथील कोत्सू काइकान इमारतीत होक्काइदोचे असे दुकान आहे. तेथे केवळ माल विकला जात नाही. शहरी ग्राहकाची आवड काय, पाकीट केवढे हवे, कोणता पदार्थ चालत नाही, हे मूळ गावाला कळवले जाते. होक्काइदोतील युबारीची खरबुजे याच शिस्तीतून मोठी झाली. सहकारी संस्था प्रतवारी करते; कसोटीस न उतरलेल्या फळाला युबारीचे नाव लागत नाही. २०१९ च्या हंगामातील पहिल्या लिलावात तेथील एका जोडीला ५० लाख येन मिळाले.

मात्र याच युबारीची दुसरी बाजू विसरता येणार नाही. कोळसा खाणी बंद पडल्यावर तेथील नगरपालिकेने पर्यटनावर अफाट कर्ज काढून उधळण केली आणि २००७ मध्ये ती दिवाळखोर ठरली. नावाजलेले फळ शहराला वाचवू शकले नाही. मानांकन ही जादूची कांडी नव्हे, एवढा बोध त्यातून घ्यावाच लागेल.

हा बोध हिंगोलीला आजच लागू आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमत येथे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर आहे. राष्ट्रीय हळद मंडळाचे कामकाज जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या तेलंगणातील निजामाबादेतून सुरू झाले आणि २०३० पर्यंत शंभर कोटी डॉलर निर्यातीचे लक्ष्य सरकारने ठेवले आहे. परंतु मानांकनाचा लाभ घेण्यासाठी शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणीनंतरही माल वेगळा साठवला, तपासला आणि विकला गेला नाही, तर वसमतचे पोते इतर पोत्यांत मिसळते आणि प्रमाणपत्र भिंतीवर राहते.

जपानसारख्या बाजाराची अट याहून कडक आहे. २००६ पासून तेथे, ज्या कीटकनाशकासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश दहा लाखांत ०.०१ भागापेक्षा अधिक चालत नाही. करपा आणि कंदकूज यांनी हैराण झालेला शेतकरी दुकानदाराच्या सल्ल्याने फवारणी करतो, तेव्हा ही मर्यादा त्याला कोणी सांगितलेली असते काय? कुरकुमिन आणि औषधांचे अंश तपासणारी प्रयोगशाळा लिलावाच्या ओट्याजवळ हवी. कारण माल विकला गेल्यावर आलेल्या अहवालाचा उपयोग व्यापाऱ्याला होतो, शेतकऱ्याला नाही.

टोकियो फार दूर आहे. पुणे आणि मुंबई तितकी दूर नाहीत. तेथे हिंगोली जिल्ह्याचे एक कायमचे दुकान काढावे, पाकिटावर गावाचे नाव, हंगामाचे वर्ष आणि तपासणीचा आकडा छापावा, आणि ग्राहक काय म्हणतो ते वसमत, औंढा, कळमनुरीपर्यंत पोहोचवावे. १९९९ मध्ये परभणीतून वेगळे होऊन हिंगोलीने नकाशावर नाव मिळवले. ते पाकिटावर आणण्याचे काम शेतकरी कंपन्या, बाजार समिती आणि प्रशासन यांनी एकत्र बसून येत्या हंगामाच्या आत सुरू करावयास हवे.