शस्त्र दिसते, माणूस दिसत नाही

जुन्या छायाचित्रांतला योद्धा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. एका हातात ढाल, दुसऱ्या हातात उपसलेली तलवार, कमरेला कट्यार आणि नजर समोर रोखलेली. कधी तो राजपूत असतो, कधी शीख, कधी आफ्रिकेतला झुलू, तर कधी जपानचा सामुराई. पूर्वी तो जाडजूड पुस्तकांत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरांत भेटायचा. आता मोबाईलवर रोज सकाळी भेटतो. खाली ‘असे होते आपले पूर्वज’ अशी एखादी ओळ असते. आपण छाती फुगवतो आणि ते चित्र पुढे पाठवतो. या छाती फुगवण्याबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत. अशा छायाचित्रांत शस्त्र दिसते, पण माणूस दिसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी काळाचा हिशेब पाहू. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ साली. सीताबर्डीची लढाई त्याआधीच, १८१७ च्या नोव्हेंबरात होऊन गेली होती. पुढच्याच वर्षी कामठ्याचा जमीनदार चिमणा पाटील आप्पासाहेब भोसल्यांची बाजू घेऊन इंग्रजांविरुद्ध उठला आणि पराभूत झाला. कामठा आज गोंदिया जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत तो आपल्याच भंडारा जिल्ह्याचा भाग होता. या माणसांची छायाचित्रे कुठून असणार? कॅमेरा तेव्हा जन्मालाच आला नव्हता. १८५३ साली तिसरे रघुजी भोसले वारले आणि १८५४ साली भंडाऱ्यासकट नागपूरचे राज्य खालसा झाले. मुंबईत छायाचित्रकारांची पहिली संस्था निघाली तीही १८५४ सालीच! राज्य गेले आणि कॅमेरा आला, असा हा विलक्षण योग आहे. आमच्या भागात जे लढले त्यांचे छायाचित्र नाही आणि ज्यांचे छायाचित्र निघाले त्यांच्यासाठी लढाई संपलेली होती.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. जपानमध्ये १८७६ साली सामुराईंना तलवार बाळगण्याची बंदी झाली. परंतु चिलखत चढवलेल्या सामुराईंची छायाचित्रे परदेशी प्रवाशांना विकण्याचा धंदा त्यानंतरही जोरात चालू राहिला. तलवारी जाऊन तलवारीची चित्रे उरली. अमेरिकेतल्या आदिवासींचा सशस्त्र प्रतिकार १८९० च्या सुमारास संपला. एडवर्ड कर्टिस याने त्यांच्यावरचा वीस खंडांचा छायाचित्रग्रंथ १९०७ ते १९३० या काळात काढला. त्यातल्या एका प्रसिद्ध छायाचित्रात तंबूत बसलेल्या दोन माणसांच्या मध्ये गजराचे घड्याळ होते. ते त्याने छापताना पुसून टाकले. माणसे आपल्या काळात जगत होती, पण पाहणाऱ्याला ती जुन्या काळातलीच हवी होती.

शिवाय त्या काळचे तंत्रही लक्षात घ्यावे. ओल्या काचेवर छायाचित्र घेत; काच वाळायच्या आत सारे उरकावे लागे आणि समोरच्याला काही क्षण निश्चल उभे राहावे लागे. धावता घोडा किंवा फिरता दांडपट्टा त्यात पकडणे शक्यच नव्हते. तेव्हा वार करण्याच्या पवित्र्यात उभा असलेला तो वीर खरे म्हणजे श्वास रोखून स्तब्ध उभा आहे. विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ साली मुंबईच्या जातीजमातींचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि पाठीमागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा जोडलेला, असा प्रकार आहे.

आता नावाकडे वळू. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातील लोकांचे आठ खंड काढले. त्यांत चारशेच्या वर छायाचित्रे आहेत. बहुतेकांखाली जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, माणसाचे नाही. पुढे १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातीजमातींवरचे चार खंड आले. भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्यांतही नाचाच्या वेशातले माडिया गोंड आहेत, बांबूच्या गाड्या घेऊन बाजारात आलेले गोंड आहेत. पण ‘हा अमुक गावचा अमुक’ असे आपल्याला कळत नाही. ‘एक गोंड’ म्हटले की काम भागले! शस्त्रांचे नशीब मात्र चांगले. लॉर्ड एगर्टनने १८८० साली भारतीय शस्त्रांची सचित्र यादी छापली. तिच्यात कट्यारीला नाव आहे, पट्ट्याला नाव आहे, कुठल्या भागातले तेही आहे. लोखंडाची नोंद झाली, ते धरणारा हात मात्र बेनाव राहिला.

आणखी एक गोष्ट आपल्या झाडीपट्टीत विशेष जाणवते. इथल्या माणसाच्या खांद्यावरची कुऱ्हाड आणि हातातला तिरकमठा ही लढाईचीच हत्यारे होती काय? कुऱ्हाडीने सरपण तोडायचे, तिरकमठ्याने शिकार करायची, रानडुकरापासून धान राखायचे. वेळ आली तर त्यानेच लढायचे. खंडेनवमीला आपण तलवारीबरोबर विळा, कुऱ्हाड आणि नांगराचा फाळही पुजतो, ते उगाच नाही. पण १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने तलवारी-भाल्यांच्या जोडीला धनुष्यबाणही शस्त्रांत मोजला आणि परवान्यावाचून शस्त्र घेऊन हिंडणे गुन्हा ठरवला. त्याच साली जंगल कायदाही आला. एका वर्षात हातातले हत्यार आणि ते चालवण्याचे रान, दोन्ही सरकारच्या मुठीत गेले. आता कॅमेऱ्यासमोर तिरकमठा ताणून उभा राहिलेला माणूस पाहा. तो योद्धा आहे, शिकारी आहे, की साहेबाने सांगितले म्हणून उभा राहिलेला गरीब शेतकरी आहे?

कोणी म्हणेल, मग ही छायाचित्रे फेकून द्यायची काय? मुळीच नाही. ढालीची मूठ कशी धरत, कट्यार कोणत्या बाजूला खोवत, डोक्याला काय गुंडाळत, हे त्यांच्यावरून कळते. नागपूरच्या अजब बंगल्यात काचेआड ठेवलेले शस्त्र एवढे सांगू शकत नाही. माझे म्हणणे इतकेच, की ती कागदपत्रांसारखी वाचावीत, देवघरातल्या तसबिरीसारखी पुजू नयेत. कोणी घेतले, केव्हा घेतले, कोणासाठी घेतले आणि समोरचा माणूस कोण, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय अभिमान बाळगणे म्हणजे दुसऱ्याने मांडलेल्या नाटकाला टाळ्या वाजवणे होय.

हा प्रश्न जुन्या काळापुरताही नाही. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत दारूगोळ्यासाठी लागणारी स्फोटक द्रव्ये तयार होतात. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे स्फोट होऊन आठ कामगार मृत्युमुखी पडले. शस्त्रामागचा माणूस तो हाच. त्याच्या हातात तलवार नव्हती, कोणी त्याला योद्धा म्हटले नाही, कॅलेंडरावर त्याचे चित्र येणार नाही. तोफेचे नाव सर्वांना पाठ असते. तिच्या पोटातली दारू करणाऱ्यांची नावे आपल्यापैकी कितीजणांना आठवतात?

म्हणून माझी माझ्या वर्गबंधूंना आणि भगिनींना एक सूचना आहे. आपल्या घरच्या पेट्यांत, आजोबांच्या पोथ्यांत जुने फोटो पडलेले असतील. त्यांत कोणी शिपायाच्या वेशात असेल, कोणी शिकारीच्या बंदुकीसह, कोणी दंडारीत लाकडी तलवार घेऊन. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून प्रत्येक फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. घरच्यांची संमती असेल तर एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. याला पैसा लागत नाही, एक सुट्टी पुरे आहे. साहेबांच्या आठ खंडांत जी गोष्ट राहून गेली, ती भंडारा जिल्ह्यातल्या एका वर्गाला करता येण्यासारखी आहे.