फुकटची हवा

जगात फुकट मिळणारी हवा तेवढी उरली होती. मुलीच्या एअर रायफलने तीही महाग केली. आमच्या स्कूटरच्या चाकाला ३० पौंड हवा पुरते. या बाईसाहेबांच्या नळकांड्याला लागते २९०० पौंड, म्हणजे २०० बार! म्हणून क्लबातले समस्त पालक घरी कॉम्प्रेसर घ्यायला निघालेत. दुकानदाराला सगळ्यांचा एकच प्रश्न : "किती मिनिटांत भरतो?"

अहो, मिनिटांचं काय घेऊन बसलात? सामना ६० छर्‍यांचा. एकदा भरलं की शंभरावर छर्रे सहज सुटतात. वाचलेल्या दहा मिनिटांचं लोणचं घालणार? विचारायचं ते हे, की पाणी कुठं जातं? आपली आषाढातली हवा म्हणजे निम्मी आमटी. ती इतकी दाबली की पाणी सुटणारच. फिल्टरात अडलं नाही तर ते नळकांड्यात उतरतं, झडपा खातं. आणि नेम चुकला की बोलणी खाते पोरगी!

म्हणून मी म्हणतो, घरोघरी स्वस्त यंत्रं नकोत. वर्गणी काढा, क्लबात एकच दणकट, हवा वाळवणारा कॉम्प्रेसर घ्या आणि ३०० बारची मोठी टाकी भरून ठेवा. यंत्रानं सावकाश जमा करावं, पोरांनी गरजेपुरतं काढावं. बँक दुसरं काय करते?

"पण रांग लागेल हो!" एक पालक म्हणाले.

लागू द्या. वीस वर्षं काउंटरच्या आतून बघतोय. रांगेत उभं राहून अजून कोणी गंजलेलं नाही.