प्लॅटिनमची भागीदारी



प्लॅटिनम हा धातू आपल्या सराफ बंधूंच्या चांगल्या परिचयाचा. तोच धातू कर्करोगाच्या रुग्णाला सलाइनमधून दिला जातो, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हते. बारावीतल्या नातीच्या पुस्तकातील ‘कोऑर्डिनेशन संयुगे’ हे प्रकरण चाळताना सिस्प्लॅटिन या औषधाचे नाव आढळले आणि कुतूहल जागे झाले.

सामान्य बंधात दोन्ही अणू एकेक इलेक्ट्रॉन घालतात. ती समान भांडवलाची भागीदारी होय. या संयुगांत मात्र मधला धातू केवळ रिकामी जागा देतो आणि इलेक्ट्रॉनांची संपूर्ण जोडी समोरचा घटक आणतो. पेढी तरीही दोघांची! जागा एकाची, भांडवल दुसऱ्याचे, असे करार मी बँकेत पुष्कळ पाहिले; ते इतके टिकाऊ क्वचितच निघाले.

सिस्प्लॅटिनमध्ये प्लॅटिनमभोवती चौरसाच्या चार कोपऱ्यांवर दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड असतात. ही रचना आल्फ्रेड वेर्नर यांनी 1893 मध्ये मांडली. क्लोराइड शेजारी-शेजारी असले तर ‘सिस’, समोरासमोर असले तर ‘ट्रान्स’. घटक तेच, वजनही तेच. तराजूला फरक कळणार नाही. पेशीला मात्र कळतो.

रक्तात क्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याने औषध तेथे बरेचसे अभंग राहते. पेशीत ते प्रमाण कमी. म्हणून क्लोराइड सुटतात, त्यांच्या जागी पाणी येते, आणि मग डीएनएमधील दोन शेजारचे दुवे प्लॅटिनमला जखडले जातात. नक्कल अडते, पेशी मरते. ट्रान्सच्या मोकळ्या जागा विरुद्ध दिशांना. शेजारचे दोन दुवे त्याला एकदम धरता येत नाहीत. औषध म्हणून ते निरुपयोगी ठरले.

हा गुण 1965 च्या सुमारास अमेरिकेत रोझेनबर्ग यांना अनपेक्षितपणे सापडला. ते जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले. पण ते विजेमुळे नव्हे, प्लॅटिनमच्या विद्युतपट्ट्या किंचित विरघळल्यामुळे. 1978 मध्ये तेथे औषधाला मान्यता मिळाली.

येथे अनेकान्तवादाचा दाखला देण्याचा मोह होतो, तो आवरतो. आपल्या घरांसाठी अधिक महत्त्वाची बाब वेगळीच आहे. हे औषध मूत्रपिंडांना इजा करू शकते. म्हणून त्यासोबत भरपूर सलाइन देतात आणि पाणीही पुरेसे पिण्यास सांगतात. ज्यांचा चौविहार किंवा उपवास चालू असतो, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावी, आणि पच्चक्खाणाविषयी गुरुमहाराजांना औषध सुरू होण्यापूर्वी विचारावे.