१९३० सालचा कागद आणू कुठून?

दोस्तहो, माझ्या बापाचा वनहक्काचा दावा नामंजूर झाला. तालुक्याच्या कचेरीतून चिठ्ठी आली. ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा नाही, सबब दावा फेटाळला. मी वाचून दाखवली. बाप म्हणाला, "मंग मी का आभाळातून पडलो?"

आम्ही आदिवासी नाही. पूर्वाश्रमीचे महार, १९५६ नंतरचे बौद्ध. पूर्व विदर्भातल्या जंगलात गोंडांच्या शेजारी आमच्या पिढ्या गेल्या. तेंदूपत्ता त्यांनी तोडला, आम्हीही तोडला. मोहफुलं दोघांनी वेचली. जंगल खात्याची काठी दोघांच्या पाठीत सारखीच बसली. काठी हाणताना जातीचा दाखला कुणी मागितला नाही. हक्क द्यायची वेळ आली तेव्हा मधे रेघ आली.

२००६ चा वनहक्क कायदा काय म्हणतो? अनुसूचित जमातीचा माणूस १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलजमीन कसत असेल, तर चार हेक्टरपर्यंत हक्क. बाकीचे 'इतर पारंपरिक वननिवासी'. त्यांनी वर आणखी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलात राहिल्याचं सिद्ध करायचं. २००५ मधून ७५ वजा करा. १९३०.

१९३० साल आठवतं? त्या साली आमची माणसं नाशकात काळाराम मंदिराच्या बंद दारापुढं उभी होती. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्यांचं नाव दप्तरात कोण चढवणार होतं? दप्तर कुणाच्या हातात होतं? ज्याला हजारो वर्षं अक्षराला शिवू दिलं नाही, त्याच्याकडंच आज अक्षर मागता?

अन् खरी मेख पुढंच आहे. कायदा कागदावर अडून बसलेला नाही, कचेरी अडून बसलीय. नियमांत जुनी विहीर, मसणवट, वंशावळ, दावेदार सोडून इतर म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब, हे सगळे पुरावे धरलेत. त्यातले एकाहून जास्त जोडा म्हणतात. अमुकच कागद पाहिजे असा हट्ट धरू नका, असं २०१२ च्या दुरुस्तीनं बजावलंय. बापाच्या फायलीत मसणवटीचा पंचनामा होता. शेजारच्या गोंड आजीचा जबाब होता, "याच्या आज्याले मी पाह्यलं." ग्रामसभेचा ठराव होता. वर कुणी फाईल उघडली तरी का?

नामंजूर शब्द साधा नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढायला सांगितलं होतं. देशभर ओरड झाली तेव्हा २८ फेब्रुवारीला स्थगिती आली. लाखो कुटुंबांनी ते पंधरा दिवस कसे काढले असतील?

आणि आम्ही काय करतोय? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला अन् १९६४ ला भूमिहीनांना घेऊन जमिनीसाठी सत्याग्रह केले, हजारोंनी तुरुंग भरले. आमचे आजचे पुढारी राखीव जागांवर तासभर बोलतात, राखीव जंगलावर ब्र काढत नाहीत. जमीन नसलेल्याची जयंती डीजेवर होते, पण चूल पेटत नाही.

कुणी म्हणेल, आदिवासींना सोपं, आम्हाला अवघड, मग भांडा त्यांच्याशी. खबरदार! त्यांचेही दावे असेच फेटाळलेत. माझ्या बापासाठी साक्ष द्यायला आमचा आमदार आला नव्हता, ती म्हातारी आली होती. भांडण त्या ७५ वर्षांच्या अटीशी आहे. ती अट रद्द झालीच पाहिजे.

तोवर पोरांनो, एक काम करा. वही घ्या, जंगलातल्या वस्त्यांवर जा, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून काढा. ग्रामसभेपुढं ठेवा. म्हातारी माणसं थांबत नाहीत. एक म्हातारं गेलं की एक पुरावा सरणावर जातो. कधीकाळी आपल्याला लिहू दिलं नाही. आता लिहिता येतं, तर कुणासाठी लिहायचं?

नकारावर साठ दिवसांत जिल्हा समितीकडं अपील करता येतं. आमचे चाळीस उरलेत. बापानं नवा सदरा काढून ठेवलाय, अन् ती आजी म्हणते, मीबी येतो.

जयभीम.