मोटरीपाशी माणूस असेल, तर फोनवरून मोटर सोडू नका

बारामती-इंदापुरात ज्या ज्या घरी मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवलाय, त्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. ही सोय चांगलीच आहे. थ्री फेज लाइट रात्री आली तर अंधारात, विंचूकाट्यातून जावं लागत नाही. उजनीच्या फुगवट्यावर पळसदेवच्या बाजूला मोटर पाण्याच्या काठाला आणि ऊस लांब कुठंतरी. तिथं या सोयीमुळं माणसाला झोप मिळते. पण फोन ज्याच्या हातात असतो, त्याला स्टार्टरच्या पेटीपाशी कोण उभं आहे ते दिसत नाही, आणि माझी सगळी काळजी तेवढ्यासाठी आहे.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं हटतं, तशी मोटर, पाइप, केबल पुढं ओढावी लागते. जॉइंट सोडतात, माणसं पाण्यात उतरतात. त्याच वेळी घरी थोरल्याला वाटतं, लाइट आलीय, मोटर सोडू. किंवा कोणी काहीच करत नाही, पण ऑटोवर ठेवलेली मोटर लाइट येताच आपणहून सुरू होते.

एकाच वेळी दोन ठिकाणांहून काम चाललं की काय करायचं, याचा नियम मला एका खेळात सापडला. कॉलेजातली मुलं टेबलाभोवती बसून, फासे टाकून सायबरपंक धाटणीचे खेळ खेळतात. त्यातलं पात्र एकीकडं संगणकाच्या जाळ्यात आणि दुसरीकडं रस्त्यावरच्या झटापटीत असतं, म्हणून दोन्हीकडची कामं कशी करायची याचे नियम लागतात. १९८९ साली आलेल्या ‘शॅडोरन’मध्ये पूर्णपणे जाळ्यात शिरलेल्याचं शरीर निपचित पडून राहतं, कोणीतरी राखण करावी लागते. २०२० च्या ‘सायबरपंक रेड’चा नियम मला जास्त पटतो. एका पाळीत एकतर जाळ्यातली कामं करायची, नाहीतर हातानं करायचं काम. मध्ये चालण्यापुरती मोकळीक. शिवाय जाळ्यात शिरायचं तर प्रवेशाच्या जागेपासून ६ मीटरच्या आत असावं लागतं. घरबसल्या दुसऱ्याच्या खोलीत ढवळाढवळ करता येत नाही.

मोटरीचं काम निघालं की हाच नियम घरात लावा. जो मोटरीपाशी आहे, मोटर त्याच्या एकट्याच्या ताब्यात. बाकीच्यांनी फोनवरून चालू-बंद काहीही करायचं नाही.

आणि फोनवरून मोटर बंद केली म्हणजे लाइट तुटली, असं समजू नका. मोटर थांबते, पण स्टार्टरपर्यंत येणाऱ्या वायरींत करंट तसाच असतो. सिमकार्ड काढूनही भागत नाही, कारण ऑटोला फोन लागतच नाही. ऑटो बंद करा, मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढून खिशात घाला. पेटीवर ठेवू नका. येणारा-जाणारा सहज बसवून टाकतो. मग टेस्टर लावून बघा. डीपीवर मात्र स्वतः चढू नका, ते वायरमनचं काम.

पाण्यात उतरण्याआधी घरी फोन करून ‘उतरतोय’ म्हणून सांगा. त्यानंतर ‘वर आलोय’ हे त्याच माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय घरच्यांनी मोटरीचा विषय काढायचा नाही. मिस्ड कॉल, मेसेज, शेजाऱ्याचा निरोप, यातलं काही धरायचं नाही.

अजून एक. मागच्या हंगामातला वाटेकरी, पुण्याला नोकरीला गेलेला मुलगा, अशा कोणाकोणाचे नंबर स्टार्टरला अजून जोडलेले आहेत, ते आज संध्याकाळी बघून घ्या. जे रोज मोटर चालवत नाहीत, त्यांचे काढून टाका.